उद्या भांग, बरफ नको

डहाणूच्या आगरमध्ये, म्हणजे माझ्या सासरी, मला नोकरी आहे हे लोकांना पटवायला मला दीड महिना लागला. सकाळी दहाला लॅपटॉप उघडून ओटीवर बसणारी सून नेमकं काय करते, हे कुणाला दिसत नव्हतं. घाम येत नाही, हात काळे होत नाहीत, संध्याकाळी दाखवायला टोपलीत काही नसतं. त्यामुळे गॅसवाला चार घरांची सिलिंडरं माझ्याच ओटीवर उतरवायचा, समोरच्या काकू सुकत घातलेल्या बोंबलांवर लक्ष ठेवायला सांगून बाजारात जायच्या, आणि डहाणू स्टेशनजवळच्या गुजराती दुकानदाराने तर माझं बारसंच करून टाकलं होतं, ‘कॉम्प्युटरवाला बेन’. एकदा पुण्याशी चाललेल्या मीटिंगमध्ये मी एका मुद्द्यावर तावातावाने भांडत होते. मध्येच उठून कावळे हाकलायला गेले. परत आले तर माझ्या गैरहजेरीत माझं म्हणणं मान्य झालं होतं. तेव्हापासून मी भांडणात कावळ्यांना मान देते.

मी मूळची घाटावरची. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, आणि मासा पहिल्यांदा साफ केला तो लग्नानंतर. माझा नवरा तलासरीच्या एका शाळेत शिकवतो. रोज सकाळी मोटरसायकलवर निघतो, हायवेला लागल्यावर विवळवेढ्याच्या देवळाच्या दिशेने एक हात उचलतो (दोन्ही उचलू नको एवढंच मी त्याला सांगून ठेवलंय) आणि संध्याकाळी परत येतो. लग्नानंतरची तीन वर्षं मी पुण्यात होते, एका खोलीत, आणि तो इथे आईबरोबर. आमचा संसार महिन्यातल्या दोन रविवारांचा होता. रविवारी दुपारच्या जेवणानंतर दोघंही घड्याळाकडे बघायचं टाळायचो आणि त्या टाळण्यातच दुपार जायची. ‘अजून तरुण आहात, होईल सगळं’ असं लोक म्हणत. मला त्या वाक्याचा मनापासून राग यायचा.

शेवटी मी आमच्या साहेबांपुढे जाऊन बसले आणि म्हटलं, मला डहाणूतून काम करू द्या. आमचे साहेब शांत माणूस. सगळ्यांना अहो-जाहो करतात आणि प्रत्येक बोलण्याची सुरुवात ‘थोडक्यात सांगायचं तर’ अशी करून वीस मिनिटं बोलतात. त्या वीस मिनिटांचा अर्थ असा होता: डहाणूच्या किनाऱ्यावर आपला बर्फाचा प्रयोग सुरू होतोय. तो तुम्ही तिथे बसून सांभाळा. तीन महिन्यांत तो उभा राहिला तर तिथेच राहा. नाही राहिला तर पुन्हा पुण्याला या, आणि मग हा विषय परत नको.

मी तिथल्या तिथे ‘हो’ म्हटलं. बाहेर येऊन जिन्यात बसले आणि नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, ‘तीन महिने तर तीन महिने. नव्वद रविवार झाले म्हणायचे.’ गणित शिकवतो तो.

तर बर्फाचा प्रयोग. होड्या आणि मासे विकणाऱ्या बायका, दोघांनाही बर्फाच्या लाद्या लागतात. कुणाला किती लागतील ते आदल्या दिवशी कळलं, तर कारखान्यातून तेवढाच बर्फ गाडीत भरता येतो. आमच्या कंपनीने त्यासाठी एक ॲप केलं होतं. लिहायचं काही नाही, मोबाइलवर बटण दाबून बोलायचं, ‘उद्या चार लाद्या’. बोललेल्याचं लेखी रूप होणार, त्यातून मागणी कळणार, सकाळी गाडी तेवढ्या लाद्या घेऊन बंदरावर हजर. बोललं की हिरवी खूण यायची, म्हणजे निरोप पोचला. आणि एखाद्याने काहीच सांगितलं नाही तर ‘विसरला असेल’ असं धरून त्याला नेहमीइतका बर्फ पाठवायचा. ही शेवटची दयाळू कल्पना माझी होती.

माझ्या सासूबाई डहाणूच्या बाजारात गेली तीस वर्षं मासळी विकतात. त्यांनी पहिल्याच दिवशी ॲप घेतलं, बटण दाबलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात फोनला सांगितलं, ‘उद्या पाच लादी. आनि बारकी नको, मागच्या वेलेला बारकी दिलेली.’ मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘ऐकलां काय तिकरं?’ मी म्हटलं, आई, ऐकलं. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. आपण लिहिलेली गोष्ट आपल्याच घरात वापरली जाते, हे भाग्य पुण्यात कुठे मिळणार!

पहिले आठ-दहा दिवस झकास गेले. मग बिनसलं.

मध्येच तीन-चार दिवस असे यायचे की गाडी बर्फाने खच्चून भरून यायची आणि बंदरावर कुणी लादी उतरवून घ्यायला तयार नसायचं. बायका ड्रायव्हरवर तोंडसुख घ्यायच्या, ड्रायव्हर कारखान्याला फोन लावायचा, कारखाना पुण्याला, आणि पुणे मला. बर्फाचं पाणी होऊन रस्त्यावरून वाहत समुद्राला मिळायचं. मग पुन्हा सगळं सुरळीत. मग पुन्हा तोच गोंधळ. पुण्यात आमची टीम आकडे घेऊन बसली. कुणी म्हणालं, सोमवारी लोक उपास करतात. कुणी म्हणालं, गुरुवारी. कुणी सुट्ट्यांचं कॅलेंडर लावून पाहिलं. एका हुशार मुलाने तर क्रिकेटचे सामने लावून पाहिले. पण गोंधळ कधी मंगळवारी सुरू व्हायचा, कधी शुक्रवारी. कोणत्याच वाराशी त्याचं जमत नव्हतं. शेवटी अहवालात लिहिलं गेलं, ‘स्थानिक ग्राहक मागणी वेळेवर नोंदवत नाहीत’. आमच्या धंद्यात असंच असतं. नाचता येईना, अंगण वाकडं; फक्त आम्ही अंगणाचा तक्ता काढून देतो.

ते वाक्य अहवालात लिहिणारी मीच होते. मला पुण्याला परत जायचं नव्हतं आणि दोष कुणावर तरी ढकलायचा होता. खरं ते सांगते.

तिसऱ्या महिन्याचा शेवटचा आठवडा आला. शुक्रवारी बैठक ठरली. बर्फाच्या धंद्यातली जी मोठी कंपनी हे सगळं आमच्याकडून करून घेत होती, तिच्या किनारपट्टीच्या प्रमुख बाई स्वतः बोलणार होत्या. साहेबांनी आधीच कानावर घातलं, ‘थोडक्यात सांगायचं तर, त्या डहाणूचा प्रयोग बंद करायच्या विचारात आहेत.’ या वेळी ते खरंच थोडक्यात बोलले, म्हणून मला जास्त भीती वाटली. मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. त्याला कळलं असावं, कारण त्यानेही काही विचारलं नाही.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला सासूबाई बाजारातून आल्या. एरवी त्या आल्या की आधी पाय धुतात. त्या दिवशी तशाच ओटीवर आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

‘तुमच्या गारीवाल्याला काय अक्कल हाय का नाय गो? पाच लादी टाकून गेला माज्या टोपलीसमोर. मी सांगितलेलां, नको म्हनून.’

मी यादी उघडली. त्यांच्या नावापुढे काल काहीच नव्हतं. परवाही नव्हतं.

‘आई, तुमचा निरोपच आलेला नाही.’

‘आलेला नाय? मी बोललां. हिरवी खून आली.’

‘इथे काही दिसत नाहीये. तुम्ही विसरला असाल.’

‘मी इसारलां?’

‘आई, यंत्र खोटं बोलत नाही.’

हे वाक्य तोंडातून निघालं आणि मलाच ऐकू आलं. सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, ‘म्हंजे मी खोटां बोलतां.’

तीस वर्षं बाजारात बसून ज्या बाईने कुणाला शिळा मासा ताजा म्हणून दिला नाही, तिला मी हे ऐकवलं होतं. त्यांनी पदराने हात पुसले, कमरेचा फोन काढला आणि माझ्या नाकासमोर धरला.

‘बघ. तुज्यासमोर बोलतां.’ बटण दाबलं. ‘उद्या भांग. बरफ नको.’

हिरवी खूण आली. दोघी माझ्या स्क्रीनकडे बघत राहिलो. यादीत काहीही उमटलं नाही.

पण मी आता यादीकडे बघतच नव्हते. मी सासूबाईंकडे बघत होते.

‘आई,’ मी शक्य तितक्या आदराने विचारलं, ‘तुम्ही भांग घेता?’

आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं. आणि मग माझ्या सासूबाई, ज्यांना मी तीन वर्षांत गालातल्या गालात हसण्यापलीकडे हसताना पाहिलं नव्हतं, त्या खाली बसल्या. भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हसता हसता समोरच्या काकूंना हाक मारली, ‘अगो, ही मना इचारते, भांग घेतेस का!’ काकू बोंबील सोडून धावत आल्या आणि त्याही बसल्या. मी मधे बावळटासारखी उभी.

मला आतापर्यंत दोनच प्रकार ठाऊक होते, केसांत पाडतात तो भांग आणि होळीला पितात ती भांग. तिसरा भांग मला त्या दिवशी कळला. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास समुद्राला उधाण येतं, हे मी ऐकून होते. पण मधल्या दिवसांत, अष्टमीच्या मागेपुढे, भरती-ओहोटी अगदी बेताची होते, पाण्याला ओढ राहत नाही. त्याला इथे भांग म्हणतात. ओढ नाही तर डोलीच्या, म्हणजे समुद्रात रोवून ठेवलेल्या, जाळ्यात मासळी शिरत नाही, कारण ते जाळं ओढीवरच भरतं. मग होड्या नांगरून ठेवतात, माणसं जाळी शिवत बसतात आणि बाजारात टोपल्या रिकाम्या. रिकाम्या टोपलीला बर्फ कशाला हवा? पंधरवड्याला एकदा हे होतंच. सासूबाईंनी मला ते असं समजावलं, जसं एखाद्या लहान मुलाला दिवस-रात्र समजावतात. ‘हे सगल्या दुनियेला म्हाइत हाय,’ असं शेवटी म्हणाल्या. त्यांची दुनिया म्हणजे बंदर, पण त्यांचं बरोबर होतं. आम्ही वार बघत होतो, त्या तिथी बघत होत्या.

पण त्यांचा निरोप गेला कुठे?

आमच्या कंपनीत एक गाळणी आहे. म्हणजे कोडचा एक तुकडा, ज्यात नको त्या शब्दांची यादी आहे. शिव्या, अश्लील शब्द, नशेच्या पदार्थांची नावं. कुणाच्या निरोपात त्यातला शब्द आला की निरोप गुपचूप बाजूला ठेवायचा, पुढे जाऊ द्यायचा नाही. ही गाळणी पूर्वी कधीतरी गप्पांच्या एका ॲपसाठी लिहिली होती. एकदा लिहिलेलं दहा ठिकाणी चिकटवायचं हा आमच्या धंद्याचा कुळाचार असल्यामुळे ती बर्फाच्या ॲपलाही चिकटली होती. निरोप तिथे अडकला की माझी ती दयाळू कल्पना ‘विसरला असेल’ म्हणून नेहमीइतका बर्फ पाठवून मोकळी.

मी बाजूला ठेवलेल्या निरोपांची पेटी उघडली. तीन महिन्यांत ती कुणीही उघडली नव्हती.

‘उद्या भांग. बरफ नको.’ ‘भांग लागला, चार दिवस नको ताई.’ ‘दादा, भांग हाय, गाडी पाठवू नका.’ पानंच्या पानं. किती सभ्य निरोप होते ते! जसजसे दिवस गेले तसतसा आवाज चढत गेला होता. ‘परत परत सांगते भांग हाय.’ आणि एका होडीवाल्याचा, दुसऱ्या महिन्यातला: ‘अरे बाबा भांग हाय रे भांग, कोन ऐकतंय का तिकडं?’

कुणी ऐकत नव्हतं. ही माणसं दर पंधरवड्याला फोनपुढे तोंड नेऊन आम्हाला खरं ते सांगत होती, आम्ही त्यांना हिरवी खूण दाखवत होतो आणि अहवालात लिहीत होतो की ही माणसं काही सांगतच नाहीत. मला रडू आलं. ओटीवर, दोन हसणाऱ्या बायकांच्या समोर.

कोडच्या प्रत्येक ओळीमागे ती कुणी आणि कधी लिहिली याची नोंद असते. ज्याने हा शब्द यादीत घातला त्याचा खरपूस समाचार घ्यायचा, या तयारीने मी ती नोंद उघडली. शब्द ‘भांग’. बाजूला एक टीप, ‘होळीपुरतं. नंतर काढणे.’ आणि लिहिणाऱ्याचं नाव.

माझं.

एका होळीच्या आदल्या दिवशी, पुण्यात, घाईघाईने मी तो शब्द घातला होता. होळी गेली. रंगपंचमी गेली. ‘तात्पुरतं’ असं लिहिलेली ओळ आमच्या धंद्यात देवळाच्या पायरीपेक्षा जास्त टिकते. काखेत कळसा घेऊन मी तीन महिने गावाला वळसा घालत होते.

मी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. गाळणी म्हणजे पिठाची चाळण समजा, असं म्हटल्यावर त्यांना लगेच कळलं. ‘चुकलं माझं आई,’ मी म्हटलं. ‘तुम्ही खरं बोलत होता. यंत्र खोटं बोललं आणि त्याला खोटं बोलायला मीच शिकवलं होतं.’

‘मना एकलीला काय सांगतेस?’ त्या म्हणाल्या. ‘उद्या चल बाजारात. सगल्यांना सांग.’

एक शब्द यादीतून काढायला मला अर्धं मिनिट लागलं. बाकी सगळा दिवस मी ते अडकलेले निरोप सोडवून, तारखेवर तारीख लावून पाहत बसले. बर्फ वाया गेलेला प्रत्येक दिवस भांगाचा होता. एकही चुकला नाही. मग मी वारांचं सगळं गणित काढून टाकलं आणि तिथ्या घातल्या. नवरा तलासरीहून आला तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर जमिनीवर पसरून बसले होते आणि सासूबाई वरून बोट ठेवून सांगत होत्या, इथून भांग लागतो, इथे सुटतो. तो दारातच उभा राहिला. चहा त्याने स्वतः केला, आम्हालाही दिला.

गुरुवारी गाडी बंदरावर आली तेव्हा तिच्यात मोजक्याच लाद्या होत्या, वेगळ्या जाळ्यांनी मासेमारी करणाऱ्या दोघा-तिघांनी मागितलेल्या. ड्रायव्हर खाली उतरून आत वाकून बघत होता, काही सांडलं की काय म्हणून. कुणी भांडलं नाही. मग मी बाजारात बायकांच्या रांगेसमोर उभी राहिले आणि सांगितलं, तुमचे निरोप मी अडवले, चुकून अडवले, आता अडणार नाहीत. कॉलेजातल्या तोंडी परीक्षेलाही मी इतकी घाबरले नव्हते.

‘म्हंजे तुमचा कॉम्प्युटर आमाला नशेबाज समजला?’ एका बाईंनी विचारलं.

‘हो मावशी.’

‘तरी म्हनलां, गारीवाला असा का बघतो आमच्याकरं!’

सगळी रांग हसली. मीही हसले. भांगात रांगेत सुकी मासळीच असते; त्यांनी सुक्या मांदेलीचा वाटा माझ्या हातात दिला. नको म्हणायची सोय नव्हती.

संध्याकाळी पुण्याहून माझ्या सहकारी मैत्रिणीचा फोन आला. ती माझ्या भल्याचंच बघत होती. म्हणाली, ‘उद्या सगळं सांग, फक्त तो शब्द कुणी घातला ते सांगू नकोस. जुन्या सिस्टिमची त्रुटी म्हण. नाहीतर त्या म्हणतील, हिनेच बिघडवलं आणि हिलाच तिथे राहायचंय.’ तिचं चूक नव्हतं. मला खरंच तसं म्हणता आलं असतं. पण अख्ख्या बाजारासमोर एक बोलून आले होते, आता पुण्याला दुसरं कसं सांगणार? शिवाय ते मासे खाल्ले होते.

शुक्रवारी अकराला बैठक सुरू झाली. एका चौकोनात साहेब, एका चौकोनात टीम आणि मधल्या चौकोनात किनारपट्टीच्या प्रमुख बाई, पांढरे केस, जाड चष्मा, हसू अजिबात नाही. माझ्यामागे दरवाजाशी सासूबाई भाजीचं निमित्त करून बसल्या होत्या. कधी नव्हे ते गवार अगदी एकेक शेंग निवडत होत्या.

मी सगळं मांडलं. भांग, तिथ्या, गाळणी, अडकलेले निरोप. प्रमुख बाईंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी चष्मा काढला आणि विचारलं, ‘हा शब्द यादीत कुणी घातला?’

‘मी,’ मी म्हटलं. ‘होळीपुरता घातला होता आणि काढायला विसरले. आणि अहवालात लोकांना दोष दिला तोही मीच. ते वाक्य चुकीचं होतं. लोक रोज सांगत होते.’

साहेब ‘थोडक्यात’ एवढंच म्हणून थांबले. मला वाटलं, संपलं. मैत्रीण म्हणत होती तेच खरं झालं.

‘एखादा निरोप वाचून दाखवा,’ बाई म्हणाल्या.

मी पेटी उघडली आणि त्या होडीवाल्याचा निरोप वाचला. अरे बाबा भांग हाय रे भांग, कोन ऐकतंय का तिकडं?

बाई हसल्या. पहिल्यांदाच. मग चष्मा पुसत म्हणाल्या, ‘मी रत्नागिरीकडची आहे. आमच्या वडिलांची होडी होती. आमच्याकडेही भांगच म्हणतात. तीन महिने मी तुमचे तक्ते बघतेय, वार लावलेले, सुट्ट्या लावलेल्या, आणि मलाही सुचलं नाही. कारण मीसुद्धा आता मुंबईत बसते.’ मग त्या साहेबांकडे वळल्या. ‘हे पुढच्या सगळ्या बंदरांवर घालायचंय. डहाणूपासून खाली. पण हे काम ऑफिसातून होणार नाही. ज्याला चुकलं तर बाजारात जाऊन तोंड द्यावं लागतं, असं माणूस मला हवंय. यांनाच ठेवा. तिथेच ठेवा.’

साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, ‘थोडक्यात सांगायचं तर, तुम्ही डहाणूतच राहून हे सगळं सांभाळावं अशी आमची विनंती आहे.’

विनंती! तीन महिने मी जे पदर पसरून मागत होते, ते मला कुणीतरी विनंती म्हणून देऊ करत होतं. माझ्या अंगात एकदम वारं शिरलं. खुर्चीत टेकून बसले आणि ऐटीत म्हटलं, ‘विचार करून कळवते, सर.’

मागे गवारीचं सूप दाणकन खाली आपटलं.

‘कसला इचार करतेस गो? हो म्हन! पोरगा तीन वरसं एकला जेवला!’

माइक चालू होता. पुण्याने ऐकलं, मुंबईने ऐकलं. टीममधल्या एकाने तोंड दाबून धरलं होतं. साहेबांचा चेहरा जराही हलला नाही. ते म्हणाले, ‘आईंचं उत्तर आम्ही ग्राह्य धरतो.’ आणि बैठक संपली.

सासूबाई जमिनीवरची गवार गोळा करत होत्या. मी खाली बसून त्यांना मिठी मारली. त्यांना सवय नव्हती, मलाही नव्हती. त्यांच्या हातात शेंगा होत्या त्या तशाच राहिल्या.

मग मी नवऱ्याला फोन लावला. मधली सुट्टी झाली होती, मागे मुलांचा कल्ला चालला होता. मी म्हटलं, ‘अरे, मी इथेच राहणार. कायमची.’ मग लांबून, फोन कानापासून बाजूला गेल्यासारखा, त्याचा आवाज आला. तो शाळेतल्या कुणाला तरी सांगत होता, ‘माझी बायको राहणार आहे. इथे राहणार आहे.’ मग आणखी कुणाला तरी. मग बहुतेक मुलांनाच. मी फोन धरून ऐकत राहिले. मला उत्तर द्यायचं त्याच्या लक्षातच नव्हतं.